छत्रीवालीचे एकोणीस नातेवाईक

बाजारात तिला सगळे छत्रीवाली म्हणायचे. ऊन असो की ढग, तिच्या हातात एक पिवळी छत्री असायची आणि ती कायम मिटलेली. मागून येणाऱ्या वीस-बावीस पाहुण्यांना गर्दीत आपली वाटाडी बाई कुठे आहे हे दिसावं, एवढंच त्या छत्रीचं काम. तिच्या सहल कंपनीने तिला खरं तर एक छोटा झेंडा दिला होता. पण त्या बाजारात एकाच वेळी दहा कंपन्यांचे दहा झेंडे फिरत असत, आणि एकदा तिचा निम्मा घोळका दुसऱ्याच झेंड्यामागे जाऊन भलत्याच दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर गालिचे बघत बसला होता. तेव्हापासून तिने झेंडा पिशवीत टाकला आणि स्वतःच्या पैशांनी छत्री घेतली.

बाजार म्हणजे शहरातला सर्वांत नावाजलेला बाजार. सहा रस्ते येऊन एका घड्याळापाशी मिळतात, तिथून पुढे काचेच्या छपराखाली दुकानांच्या दोन लांबलचक रांगा. शहरात आलेला माणूस आधी सामान टाकतो आणि मग इथे येतो. अशा माणसांना दोन तास फिरवून आणणं हे तिचं काम, आणि ते तिने चौदा वर्षं केलं होतं. दोन तासांत चार दुकानं ठरलेली होती. सुगंधाचं, चामड्याच्या पिशव्यांचं, गालिच्यांचं आणि घड्याळांचं. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. माणसं आणून सोडल्याबद्दल ती दुकानं कंपनीला काहीतरी देत असत, त्यामुळे या वीस मिनिटांत एक मिनिटही इकडचं तिकडे झालेलं साहेबांना खपत नसे. मधल्या चालण्यात तिने इमारती कधी बांधल्या ते सांगायचं, हसायचं, आणि कोणी मागे राहिलं तर छत्री हलवायची.

गंमत अशी, की त्या बाजाराची जी बाजू ती लोकांना दाखवत होती, ती तिला स्वतःला बरीच उशिरा बघायला मिळाली होती. तिचे वडील याच बाजारात एकतीस वर्षं हमाल होते. लहानपणी ती दुपारी त्यांचा डबा घेऊन यायची ती मागच्या गल्लीने. कापडाचे गठ्ठे, लाकडी खोकी, मालाच्या लिफ्टची कुरकुर, पुठ्ठ्यांचे ढीग, हा तिचा बाजार. पुढची काचेची दारं कशी उघडतात, ढकलायची की ओढायची, हे तिला वयाच्या अठराव्या वर्षी कळलं, एका पिशव्यांच्या दुकानात नोकरीला लागली तेव्हा. तिथेच गिऱ्हाइकांशी बोलता बोलता तिला दोन-तीन परक्या भाषा आल्या आणि त्या भाषांच्या जोरावर ती पुढे कंपनीत आली.

तिचं बिनसलं ते एका बटणावरून.

त्या दिवशीच्या घोळक्यात एक गृहस्थ होते, आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. सुगंधाच्या दुकानात बाकीची मंडळी मनगटं हुंगत असताना हे दाराशी हाताची घडी घालून उभे. ती जवळ गेली तेव्हा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मला काही विकत घ्यायचं नाही. बायकोला वासाने शिंका येतात. इथे याशिवाय काय करता येतं?"

तिने सवयीने तोंड उघडलं. पिशव्या, गालिचे, घड्याळं, असं ती सांगणार होती. पण तिची नजर त्यांच्या कोटावर गेली. वरून दुसरं बटण तुटलेलं होतं आणि त्या जागी सेफ्टी पिन लावली होती. ती म्हणाली, चला माझ्याबरोबर, पाच मिनिटांत येऊ.

पाच मिनिटं म्हणता म्हणता पाऊण तास गेला. कारण तिने छत्री उचलली आणि सवयीने सगळा घोळकाच तिच्या मागे निघाला. मागच्या गल्लीतून, मालाच्या लिफ्टशेजारच्या लोखंडी जिन्याने ती त्यांना तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेली. तिथे एक म्हातारे बटणवाले एका खोलीत बसतात. भिंतीला वरपासून खालपर्यंत खण, आणि प्रत्येक खणात एकाच जातीची बटणं. बाजारातल्या सगळ्या शिंप्यांना तेच बटणं पुरवतात, पण पुढच्या रस्त्यावर त्यांची पाटी नाही. त्यांनी कोटाचं वरचं बटण दोन बोटांत धरून ओठाला लावलं. शिंपल्याचं बटण ओठाला गार लागतं, प्लास्टिकचं लागत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि न बघता एक खण ओढून नेमकं तसलंच बटण काढलं. मग काय, प्रत्येकाला आपापलं बटण ओठाला लावून बघायचं होतं. वीस माणसं त्या खोलीत कोट आणि बाह्या तोंडाशी धरून उभी. लिफ्टवाले गृहस्थ तोवर बाहेर मालाच्या लिफ्टचं दार उघडून आत डोकं घालून बसले होते, आणि त्यांची बायको एकदाही शिंकली नव्हती.

गालिचे आणि घड्याळं राहून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं.

साहेब तसे वाईट नव्हते, पण त्यांना आश्चर्य वाटलं की ते आवाज बारीक करत. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही पाहुण्यांना बटणं दाखवलीत?"

"एकाला हवं होतं."

"पाहुणे या बाजारात कशासाठी येतात, हे चौदा वर्षांत तुम्हाला कळलं नाही?"

"नाही कळलं," ती म्हणाली. "आपण त्यांना कधी विचारलंच नाही."

साहेबांनी टाइप केलेला माफीनामा पुढे सरकवला. दोन्ही दुकानांना पाठवायचा होता. 'माझ्याकडून चुकून वेळापत्रक मोडलं गेलं', असं त्यात होतं. तिने तो नीट वाचला, पेन घेतलं, 'चुकून' हा शब्द खोडला, त्याच्या डोक्यावर 'मुद्दाम' असं लिहिलं आणि खाली सही केली. साहेबांनी कागद परत घेतला, वाचला, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की पुढचं काही तिला ऐकूच आलं नाही. पण अर्थ कळायला अडचण नव्हती. तिने ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. पिशवीच्या तळाशी पडलेला झेंडाही आठवणीने ठेवला. छत्री मात्र तिची स्वतःची होती.

घरी आल्यावर वडिलांना सांगायचं कसं, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. घरात ती आणि वडील दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आठ वर्षांनी धाकटा असलेला भाऊ लग्नानंतर पलीकडच्या वस्तीत राहत होता. वडिलांची मान ओझ्याने कायमची पुढे आली होती, त्यामुळे ते समोरच्याकडे नेहमी भुवयांखालून बघत. तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, जिन्याने नेलंस ना, मग सातव्या पायरीबद्दल सांगितलंस की नाही? ती पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. नवा हमाल तिथे पहिल्या दिवशी हमखास अडखळतो.

तिने सातव्या पायरीबद्दल सांगितलं नव्हतं. कारण तिलाच ती ठाऊक नव्हती.

त्या संध्याकाळी दोघांनी बसून एक वाट आखली. वडील बोलत होते, ती लिहीत होती. कुठे काय आहे, कुठे पूर्वी काय होतं, कोणत्या दारातून कोणता माल जायचा. मध्येच ते तिला थांबवून दुरुस्त करत, की लिफ्ट उजव्या हाताला नव्हे, डाव्या हाताला. ओझं पाठीवर असताना उजवं-डावं विसरायची सोय नसते. शेवटी ती म्हणाली, या वाटेने मी लोकांना पैसे घेऊन नेईन. ते हसले. "मी एकतीस वर्षं तिथे फिरलो, मला कुणी तिकीट नाही लावलं," एवढंच म्हणाले.

पण परक्या माणसांच्या कामाच्या जागी घोळका घेऊन घुसायचं, तर आधी त्यांना विचारायला हवं. ती दारोदार गेली. बटणवाले लगेच हो म्हणाले. चपलांच्या दुकानावरच्या माळ्यावर आठ शिवणयंत्रं होती, तिथे सगळ्या बड्या दुकानांचे कपडे गिऱ्हाइकाच्या मापाने आत-बाहेर केले जात. तिथल्या बायकांनी दोन अटी घातल्या. फोटो काढायचे नाहीत, आणि आत येणाऱ्यापैकी कुणी 'एवढंच काम?' असं म्हणालं, तर त्याने यंत्रावर बसून एक सरळ शिवण घालून दाखवायची. तळघरात पुतळेवाली मावशी होती. दुकानांच्या काचेतले कपड्यांचे पुतळे मोडले की तिच्याकडे येत. तिच्या फळ्यांवर शंभरेक सुटे हात मांडलेले, बोटं वर करून. घाईघाईत बाही ओढली की आधी करंगळी जाते, हे तिचं तीस वर्षांचं निरीक्षण. तिची अट एकच होती. "दारावर टकटक करून यायचं. आत माझी माणसं कपड्यांशिवाय असतात."

पहिल्या दिवशी अकरा वाजता छत्रीवाली घड्याळाखाली उभी राहिली. जुन्या कंपनीतल्या दोघी झेंडे घेऊन शेजारून गेल्या आणि त्यांनी ओळख दाखवली नाही. बारा वाजले, कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिघं आले, त्यातला एक स्वच्छतागृह विचारायला आला होता. तिने त्याला ते दाखवलं, आणि तोही मग बरोबर आला. आठवड्याने सात झाले. लिफ्टवाल्या गृहस्थांनी आपल्या हॉटेलात छत्रीवालीची आणि बटणांची गोष्ट सांगून ठेवली होती, त्या हॉटेलातून पाच जण आले. महिन्याभरात घड्याळाखाली पंधरा-वीस माणसं थांबू लागली. इतर वाटाडे त्यांना विचारत, तुम्ही कुठल्या दुकानात जाणार? आणि ती सांगत, कुठल्याच नाही.

त्या फेरीत सगळ्यांना आवडायचा तो एक दगडी कठडा. मागच्या गल्लीत, खांद्याच्या उंचीवर, भिंतीतून पुढे आलेला. हमालाला पाठीवरचं ओझं खाली ठेवलं की पुन्हा उचलायला दुसरा माणूस लागतो. पण या कठड्यावर पाठ लावून नुसतं मागे झुकलं, की ओझं दगडावर आणि माणूस मोकळा. कठड्याचा मधला भाग घासून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. ती तिथे पिशवीतून वडिलांचा एक जुना फोटो काढायची, दोन गठ्ठ्यांखाली वाकलेले असतानाचा, आणि तो हातोहात फिरवायची. मग लोक एकेक करून कठड्याला पाठ लावून उभे राहायचे आणि आपोआप गप्प व्हायचे.

व्यापारी संघाला मात्र खुपलं ते दुसरंच. साडेअकराच्या सुमाराला गल्लीत एक ट्रक यायचा. त्यातून एकसारखी खोकी उतरायची आणि तीन वेगवेगळ्या दुकानांच्या मागच्या दारांतून आत जायची. त्या खोक्यांवर आतल्या पिशवीचं चित्र छापलेलं असे. आता पुढच्या बाजूला त्यातलं एक दुकान स्वस्ताचं होतं, एक बऱ्यापैकी, आणि तिसऱ्यात तीच पिशवी चौपट किमतीला मखमलीवर बसलेली, 'कारागिरांनी हाताने बनवलेली' अशी चिठ्ठी लावून. छत्रीवाली त्या ट्रकपाशी एक अक्षर बोलायची नाही. ती फक्त पाच मिनिटं थांबायची. बाकीचं पाहुणे स्वतःच्या डोळ्यांनी बघत, आणि मग पुढच्या रस्त्याला जाऊन मखमलीवरच्या पिशवीची चिठ्ठी मोठ्याने वाचत.

संघाने नियम केला. बाजाराच्या हद्दीत सहापेक्षा जास्त माणसांचा गट परवानगीशिवाय फिरवायचा नाही, आणि परवानगी फक्त संघाच्या सभासदांना. मागच्या गल्लीच्या तोंडाशी साखळी लावायचं ठरलं. आणि त्या साखळीवर कोण, तर बाजाराच्या रखवालदारांचा मुकादम. म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ.

सुट्टीच्या दिवशी तो जेवायला आला तेव्हा हे पानावर निघालं. तो मुळात कमी बोलणारा. गणवेश कडक इस्त्रीचा, शिट्टीची दोरी पांढरीशुभ्र. जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाला, "ताई, तू ते बंद कर."

ती म्हणाली, मी कुणाचं काही चोरत नाही.

"तू बाबांचा फोटो फिरवतेस. लोक तो हातात घेऊन चुकचुकतात. मी परवा बघितलं. एकाने त्याचाही फोटो काढला." त्याने ताट बाजूला सारलं. "मी बारा वर्षं तिथे काम करतोय. हमालाचा पोरगा म्हणून कुणी बोट दाखवू नये म्हणून जीव टाकला. आणि तू रोज अकरा वाजता वीस माणसांना तेच सांगतेस."

तिला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. कारण चुकचुकणं तिनेही ऐकलं होतं आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. दोघंही मग वडिलांकडे बघू लागले. वडील शांतपणे घास चावत होते.

"गोष्ट माझी आहे ना?" ते म्हणाले. "मग माझीही एक तक्रार आहे. ही लोकांना माझं ओझं साठ किलो सांगते. सत्तर असायचं."

भाऊ हसला नाही. उठताना म्हणाला, उद्यापासून साखळी आहे आणि ड्यूटी माझी आहे, तू येऊ नकोस. ती म्हणाली, येणार. तो म्हणाला, मग मी अडवणार. ती म्हणाली, अडव.

रात्री तिने फोटो पिशवीतून काढला आणि वडिलांच्या उशाच्या फळीवर ठेवला. भावाची ती गोष्ट खरी होती. पण गल्ली सोडायची, हे तिला कुठल्याच बाजूने पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घड्याळाखाली एकोणीस माणसं जमली. बहुतेक जवळपासच्या गावांतून आलेली, एकमेकांना अनोळखी. तिने त्यांना आधीच सगळं सांगून टाकलं. आज आपल्याला अडवतील, कदाचित वादही होईल, ज्यांना नको असेल त्यांनी आत्ताच पैसे परत घ्यावेत. कुणी हललं नाही. एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, त्या म्हणाल्या की त्या चाळीस वर्षं शाळेत शिकवत होत्या आणि वाद बघायला त्यांना काही वाटत नाही.

गल्लीच्या तोंडाशी नवी कोरी साखळी. साखळीमागे भाऊ, त्याच्या दोन्ही हातांना दोन रखवालदार, आणि जरा बाजूला संघाचे चिटणीस, हातात वही घेऊन. भावाने तिच्याकडे न बघता विचारलं, "बाई, परवानगी आहे?"

त्या 'बाई'ने तिला जरा लागलं. पण त्या परकेपणानेच तिला एक वाटही सुचवली. ती म्हणाली, "परवानगी कशाला? हा गट नाही. घरचे पाहुणे आहेत."

"घरचे?"

"हो. ही मोठी आत्या," ती पांढऱ्या केसांच्या बाईंकडे छत्री करून म्हणाली. "तू लहान होतास, तुला आठवणार नाही."

बाईंनी क्षणभरही वेळ घालवला नाही. त्या पुढे झाल्या, भावाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "केवढा झालास रे. आणि किती वाळलास."

"हे काका," छत्रीवाली पुढे निघाली. "हे त्यांचे साडू. ही मामेबहीण, हे तिचे यजमान." ज्याच्यावर छत्री जाईल तो मान डोलावत होता. साडू ठरवलेल्या गृहस्थांनी काकांच्या खांद्यावर हात टाकला. मागे एक तरुण जोडपं होतं, त्यांच्यापर्यंत येईतो तिची नाती संपली. ती अडखळली, तर तो मुलगाच म्हणाला, "आम्ही नवीन आहोत. अजून सगळ्यांची ओळख व्हायची आहे."

दोन्ही रखवालदार खाली मान घालून आपापले बूट बघत होते. चिटणिसांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी वही मिटली आणि सरळ भावाला विचारलं, "मुकादम, हे सगळे तुमचे नातेवाईक आहेत का?"

भावाने साखळीचा आकडा मुठीत धरला. त्याला एका शब्दात सुटता आलं असतं, आणि तो शब्द खराही होता. तिला वाटलं, याने नाही म्हटलं तर मी याला दोष देणार नाही. पण उद्या पुन्हा येईन. भाऊ एकोणीस चेहऱ्यांवरून नजर फिरवत होता. त्यात चुकचुकणारं कुणी नव्हतं. सगळे त्याच्याकडे, खरंच एखाद्या भाच्या-पुतण्याकडे बघावं तसे बघत होते.

"हो," तो म्हणाला. "ताईचे पाहुणे ते माझेही पाहुणे."

आणि त्याने स्वतःच्या हाताने साखळीचा आकडा काढला. पांढऱ्या केसांच्या बाई जवळून जाताना तो हळू आवाजात म्हणाला, "आत्या, पायाखाली बघून. पुढे दगड ओला आहे."

त्या 'हो'ची किंमत त्याला त्याच दिवशी मोजावी लागली. संध्याकाळपर्यंत त्याची मुकादमी गेली आणि त्याला जमिनीखालच्या पार्किंगमध्ये नेमलं, जिथे दिवसभर गाड्यांचा धूर आणि पिवळा दिवा. तिला कळलं तेव्हा ती धावत तिकडे गेली. येताना मनाशी ठरवूनच आली होती की याच्यासाठी सगळं बंद करावं लागलं तरी करू, आणि तसं तिने बोलूनही दाखवलं.

भाऊ संतापला. गेल्या कित्येक वर्षांत तो तिच्यावर असा आवाज चढवून बोलला नव्हता. "मग मी कशासाठी केलं?" असं त्याने विचारलं. मग एका गाडीला जागा दाखवून परत आला, आणि जरा निवळून म्हणाला, "ताई, एक सांगू? ती गल्ली संघाची नाहीच. मी मुकादम असताना तिथला दिवा चार वेळा गेला. चारही वेळा संघाने हात वर केले. दिवा बदलायला माणूस आला तो नगरपालिकेचा. गल्ली यांची असती, तर दिवा यांनी बदलला असता."

नगरपालिकेत तिला तीन खेपा पडल्या. पहिल्या खेपेला ते टेबल बंद होतं, दुसऱ्या खेपेला टेबल होतं पण नकाशा नव्हता. तिसऱ्या खेपेला एका चष्मेवाल्या कारकुनाने धुळीने भरलेली गुंडाळी आणून उलगडली आणि बोट ठेवलं. मागची गल्ली, सार्वजनिक रस्ता. संघाची हद्द पुढच्या दुकानांच्या भिंतीपाशी संपत होती. तिने शिक्क्याची प्रत मागितली. कारकुनाने विचारलं, कशाला हवी? ती म्हणाली, चालायला.

ती प्रत घेऊन ती संघाच्या कार्यालयात गेली. चिटणिसांनी या खेपेला तिला खुर्ची दिली, चहा मागवला. नकाशा त्यांनी फारसा बघितला नाही, त्यावरून त्यांना तो आधीपासून माहीत असावा असं तिला वाटलं. त्यांनी एक प्रस्ताव ठेवला. संघच तिची फेरी चालवेल. तिला पगार, गणवेश, घड्याळाशेजारी छोटी टपरी. भावाची मुकादमीही परत. बदल म्हणाल तर किरकोळ. ट्रकपाशी थांबायचं नाही, आणि शेवटी दोन दुकानांत वीस-वीस मिनिटं.

भावाचं नाव निघालं तेव्हा तिचा हात चहाच्या कपावर थांबला. तिने एक दिवस मागून घेतला. त्या दिवशी ती पुन्हा पार्किंगमध्ये गेली आणि भावाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला की दोन गोदामांच्या जागी त्याने अर्ज टाकलेत, आणि वीस मिनिटांबद्दल तिला काय वाटतं ते तिचं तिने बघावं. त्याच्या मुकादमीचं लोढणं तिने आपल्या गळ्यात बांधून घेऊ नये.

दुसऱ्या दिवशी ती चिटणिसांना म्हणाली, "तुमच्या दुकानांशी माझं वैर नाही. कुणाला पिशवी हवी असेल तर मी दार दाखवते, रोज दाखवते. पण माणूस काय बघणार हे त्याने ठरवायचं. आणि उभं कुठे राहायचं, हे मी ठरवेन. चहा छान होता."

संघाने साखळी काढली नाही. ती बेकायदा आहे हे त्यांना माहीत होतं, आणि ते कुणी कोर्टात जाऊन सांगणार नाही हेही. उलट शेजारी एक मोठी पाटी लावली. भाऊ दोन महिन्यांनी नदीकाठच्या एका गोदामात लागला. तिथे त्याला हिशेबाने माल उतरवून घ्यावा लागतो आणि हमालांशी तो अहो-जाहो करतो, असं वडिलांनी कुणाकडून तरी ऐकलं. फोटोचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. ती आता कठड्यापाशी नुसतं तोंडाने सांगते, आणि सत्तर किलो सांगते.

मंगळवार सोडून रोज अकरा वाजता तिची फेरी निघते. गल्लीच्या तोंडाशी आली की ती थांबते आणि पाहुण्यांना ती पाटी मोठ्याने वाचून दाखवते. सहापेक्षा जास्त माणसांना मनाई, परवानगीशिवाय प्रवेश नाही, नियम मोडणाऱ्यावर कारवाई होईल, सगळं, खालच्या सहीसकट. रखवालदार टोपी सारखी करतो आणि दुसरीकडे बघतो. मग ती साखळीचा आकडा काढते, शेवटचा माणूस आत येईपर्यंत साखळी हातात धरून उभी राहते, आणि सगळे आले की ती परत होती तशी लावून टाकते.